चहाच्या आधीची बातमी

जबल अलीच्या त्या तीन मजली इमारतीत याकूबभाई मुकादम शिरले, की सव्वाशे-सव्वाशे किलोची माणसं बाथरूममध्ये लपत.

याकूबभाई मूर्तीनं लहान. उंची पाच फूट चार इंच, वजन खिशातल्या किल्ल्यांसकट साठ किलो. मूळ गाव रत्नागिरीजवळचं साखरतर, वय अठ्ठावन्न, त्यातली एकतीस वर्षं अमिरातीत. कुणाच्या अंगाला कधी बोट लावलं नाही, कुणाला वाकडा शब्द बोलले नाहीत. तरीही टेक्सासहून आलेला एक पोरगा त्यांना जिन्यात पाहून चाळीस मिनिटं शॉवरखाली उभा राहिला होता. दुसऱ्या एकानं, ज्यानं देवाचं नाव फक्त दुखापतीच्या वेळीच घेतलं असेल त्यानं, पलंगापाशी गुडघे टेकून डोळे मिटून घेतले होते. प्रार्थना चालू असताना याकूबभाई मध्ये बोलत नाहीत, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

भानगड अशी, की यंदा आखातात अमेरिकन फुटबॉलची एक नवी व्यावसायिक लीग सुरू झाली. आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, लांबट चेंडू बगलेत मारून, समोरच्याला आडवा पाडत धावायचं, तो. खेळाडू निवडायचा सोहळा एका मोठ्या हॉटेलात झाला. ज्यांची नावं पुकारली गेली ते जावईबापूंच्या थाटात आले. ज्यांचं नाव कुणीच घेतलं नाही त्यांनाही निरोप गेले, की या, महिनाभर राहा, घाम गाळा, आवडलात तर ठेवून घेऊ. म्हणजे आमंत्रण नाही, पण पंगतीच्या शेवटी बसायला हरकत नाही. 'ओरिक्स' नावाच्या संघाकडे पुकारलेले तीस आणि न पुकारलेले चाळीस असे सत्तर जण जमले. जागा होत्या पंचेचाळीस. चाळिसांतल्या पंचवीस जणांनी घरी जायचं होतं, आणि ते त्यांना सांगायला एक माणूस हवा होता.

या खेळात तशी रीतच आहे म्हणे. मुख्य कोच आधी काही बोलत नाही. एक माणूस खोलीवर जातो आणि सांगतो, "कोचनी बोलावलंय, तुझा टॅब घेऊन ये." टॅबमध्ये संघाच्या सगळ्या चाली असतात. टॅब परत केला की संपलं.

कोचनं मुलाखतीत याकूबभाईंना विचारलं होतं, "यापूर्वी किती लोकांना काढून टाकलंय?"

"काढून टाकलं नाही सर," याकूबभाई म्हणाले होते. "ओन्ली इन्फॉर्म केलंय."

कोचला हा माणूस तिथल्या तिथं पसंत पडला. नेमणुकीच्या कागदावर 'प्लेअर लिएझन' असा भारदस्त हुद्दा आला. पोरांनी मात्र तिसऱ्याच दिवशी त्याचं सुटसुटीत भाषांतर केलं, अंकल खलास.

गंमत म्हणजे ही इमारत याकूबभाईंची जुनीच. पूर्वी इथं एका बांधकाम कंपनीचा लेबर कॅम्प होता आणि ते त्याचे कॅम्प बॉस होते. तेव्हा एका खोलीत आठ माणसं राहत. आता दोन राहतात, पण पाय पलंगाबाहेर येतात म्हणून दाटी तेवढीच. तेव्हाही गावाकडचे फोन आधी याकूबभाईंकडे येत आणि मग ते ज्याला त्याला जाऊन सांगत. कुणाचा बाप गेला, कुणाची म्हैस व्याली, कुणाचा व्हिसा रिन्यू होत नाही.

त्या काळातला त्यांचा एक नियम होता. वाईट बातमी चहाच्या आधी सांगायची.

हा नियम त्यांना दगडूनं शिकवला. दगडू संगमेश्वरचा गवंडी. एका शुक्रवारी सकाळी दहाला त्याच्या भावाचा फोन आला की वडील फार सीरियस आहेत, लगेच पाठवा. त्या दिवशी पोरांनी वर्गणी काढून बिर्याणी केली होती आणि दगडू कांदा चिरत गाणं म्हणत होता. याकूबभाईंच्या मनात आलं, दोन घास खाऊ दे, मग सांगू. खाऊन झालं. मग म्हटलं, चहा होऊ दे. चहा झाल्यावर त्यांनी सांगितलं, तेव्हा दुपारचं विमान गेलेलं होतं. दगडू दुसऱ्या दिवशी घरी पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "याकूबभाई, मला उपाशी सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. याकूबभाईंना ते वाक्य अजून पाठ आहे, आणि ते आठवलं की त्यांना स्वतःची लाज वाटते.

तेव्हापासून वाईट बातमी घेऊन गेले तर ते त्या खोलीत पाण्याशिवाय कशाला हात लावत नाहीत. आता सत्तर खेळाडूंमध्ये काही तैलबुद्धीचे निघणारच. आठवड्याभरात त्यांनी ताडलं, की अंकल खलास मेडिकलच्या कागदासाठी आले तर चहा घेतात, लाँड्रीसाठी आले तर चहा घेतात, पण टॅब मागायला आले तर घेत नाहीत. झालं. दुसऱ्या दिवसापासून खोलीखोलीत किटल्या आल्या. जे जन्मात कॉफीशिवाय काही प्याले नव्हते, ते ओहायो आणि अलाबामाचे धिप्पाड पोरगे वेलची ठेचायला शिकले. याकूबभाई दारात दिसले की आधी कप पुढं यायचा. त्यांनी कप घेतला की सगळ्या मजल्यावर जीव भांड्यात पडायचा. महिनाभरात याकूबभाईंची साखर वाढली.

त्यांची बायको हमीदा साखरतरहून फोनवर हसायची. "लोकांच्या पोरांना घरी पाठवायचं काम घेतलंत तुम्ही. वाईट बातमी द्यायला एकतीस वर्षांत शिकलात. उद्या चांगली द्यायची पाळी आली तर कराल काय?"

"येईल तेव्हा बघू, इन्शाल्ला," याकूबभाई म्हणायचे.

ती येण्याची लक्षणं नव्हती. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत चोवीस जण गेले होते आणि एक उरला होता.

तो एक म्हणजे शार्दूल केतकर. वय चोवीस, जन्म पुण्याचा, वाढला दुबईत, अल कुसैसला. फ्री झोनमधली मालवाहतूक कंपनीची बरी नोकरी सोडून आला होता. संघात त्याचं काम असं, की ओणवं व्हायचं, डोकं खाली घालायचं आणि दोन पायांमधून चेंडू नेमका पंधरा यार्ड मागं उभ्या असलेल्या किक मारणाऱ्याच्या हातात फेकायचा. अख्ख्या सामन्यात आठ-दहा वेळा. याला लाँग स्नॅपर म्हणतात. त्याचे वडील गुणवंत केतकर रास अल खैमाच्या एका सिमेंट कारखान्यात क्वालिटी मॅनेजर होते. कारखान्यात कुणी विचारलं, की केतकर, मुलगा नक्की करतो काय, तर ते गंभीरपणे सांगत, "स्पेशालिस्ट आहे." त्यापुढं कुणी विचारू नये अशी त्यांची इच्छा असे.

लाँग स्नॅपरची जागा एक आणि माणसं दोन होती. दुसरा टायलर, ओहायोचा. दोघंही न पुकारलेले, दोघं एकाच खोलीत, आणि महिनाभर एकमेकांचे चेंडू गोळा करून करून त्यांची घट्ट दोस्ती झाली होती.

शनिवारी सकाळी अकराला कोचनं याकूबभाईंना बोलावलं. "केतकर," तो म्हणाला. "चेंडू दोघांचा सारखाच आहे. पण टायलर बारा किलो जास्त आहे. चारच्या आत लिस्ट लीगला गेली पाहिजे. त्याआधी त्याला सांग, टॅब आण. फोनवर नाही. समोर जाऊन."

शार्दूल शुक्रवारी रात्री रजा घेऊन घरी गेला होता. याकूबभाईंनी गाडी काढली. वाटेत त्यांनी वाक्य चार वेळा घोकलं. खरं म्हणजे चोवीस वेळा म्हणून झालेलं वाक्य, त्याला घोकायला काय हवं होतं? पण आजवर ते कॅम्पच्या खोल्यांत म्हणायचं असे. कुणाच्या घरी जाऊन, आईबापांसमोर, ही पहिलीच वेळ होती.

बारा चाळीसला त्यांनी बेल दाबली. दार पंधरा वर्षांच्या एका मुलीनं उघडलं. ही शार्दूलची बहीण शुभ्रा. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत वळून सांगितलं, "मम्मा, अंकल खलास इज हिअर."

भावाकडून नाव ऐकलं असेल, पोरीला अर्थ कुठं ठाऊक, असं याकूबभाईंना वाटलं.

आतून शार्दूलची आई अनुराधा हात पुसत आली. "या, या. बसा ना. शार्दूल अंघोळीला गेलाय."

हाही शॉवरमध्येच, असं याकूबभाईंच्या मनात आलं. "जरा काम होतं भाभी, उभ्या उभ्याच..."

"उभ्या उभ्या आमच्याकडे फक्त गॅसवाला येतो. तुम्ही रत्नागिरीचे ना? शार्दूल सांगत होता. गाव कुठलं?"

"साखरतर."

"अगंबाई. माझं माहेर रत्नागिरीच. खालची आळी. मग भाभी कसली, ताई म्हणा. माहेरचा माणूस दारात उभा ठेवला तर मला झोप लागायची नाही."

याकूबभाई बसले. सोफ्याच्या अगदी कडेवर, उठायला सोपं पडावं असे. गुणवंत केतकर आतून आले आणि त्यांनी हात हातात घेऊन तो बराच वेळ हलवला. शनिवार-रविवार ते घरी असत. "बरं झालं आलात. आमच्या ऑफिसात सगळे विचारतायत, लिस्ट कधी? मी म्हटलं आज चारला. पेढे पण आणून ठेवलेत. पाव किलो पंचवीस दिरहॅम, म्हणजे बघा, सहाशे रुपये झाले की जवळजवळ. पण म्हटलं असू दे."

पेढ्यांचा खोका फ्रिजवर ठेवलेला दिसत होता. याकूबभाईंनी त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

"चहा टाकते," अनुराधा म्हणाली आणि जागची हलली नाही. त्यांच्याकडे बघत राहिली.

"नको ताई. चहा नको."

तिनं घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. चहा नको तर नको. जेवूनच जा. शुभ्रा, ताटं घे."

"नाही, नाही, जेवण कसलं..."

"कुळथाचं पिठलं केलंय. गेल्या महिन्यात भावानं पीठ पाठवलं, आपल्याकडचं. तुम्ही खाल्लं नाहीत तर कोण खाणार? ही पोरगी तर त्याला सिमेंट म्हणते."

"बिकॉज इट लुक्स लाइक इट," शुभ्रा आतून म्हणाली.

"आमच्या सिमेंटचा रंग इतका गडद नसतो," गुणवंतांनी तज्ज्ञाचं मत दिलं.

आता कुळथाच्या पिठल्यापुढं रत्नागिरीच्या माणसाचा निश्चय किती टिकणार? याकूबभाईंनी मनाशी कायद्याचा कीस काढला. नियम चहाचा होता. जेवणाबद्दल त्यात कुठं काही म्हटलेलं नव्हतं. शिवाय शार्दूल बाहेर यायचा होता, आणि बातमी त्याची, तेव्हा त्याला सोडून इतरांना सांगणं बरोबर नव्हतं. माणूस चूक करायच्या आधी किती शहाण्यासारखा विचार करतो, ते बघण्यासारखं असतं.

शार्दूल आला, ओले केस, अंगात संघाचा टी-शर्ट. "हाय अंकल," म्हणाला आणि शेजारी पाटावर बसावं तसा जमिनीवर बसला, कारण केतकरांकडे पाहुणा आला की सगळे खाली पंगतीनं बसत. याकूबभाईंनी तोंड उघडलं.

"शार्दूल, बेटा, कोचनी..."

"मिरची," अनुराधा म्हणाली आणि त्यांच्या ताटात तळलेली सांडगी मिरची पडली.

त्यांनी ती खाल्ली. पुन्हा तोंड उघडलं, तर भातावर तूप आलं. तिसऱ्यांदा उघडलं, तर साखरतरच्या मशिदीजवळ अमक्याचं दुकान अजून आहे का, असा प्रश्न आला. आहे म्हटल्यावर त्याच्या मुलांची चौकशी झाली. इतकं सगळं झाल्यावर गुणवंतांनी फोनवर शार्दूलचे व्हिडिओ काढले. प्रत्येक व्हिडिओत शार्दूल कॅमेऱ्याकडे पाठ करून ओणवा होता आणि चेंडू सुटत होता. "हा बघा, हा बघा," गुणवंत म्हणत. "चेंडू कसा फिरत जातो बघा. पॉइंट सेव्हन सेकंद. मी स्टॉपवॉच लावून मोजलंय."

"चांगला पोरगा आहे, सर," याकूबभाई म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं, हीच अडचण होती.

पिठलं दुसऱ्यांदा आलं. मग हापूसचा डब्यातला रस आला. मग थोडा आणखी रस. मग 'पोळी घेतलीच नाहीत' म्हणून पोळी आली, आणि पोळीसाठी पुन्हा रस. याकूबभाईंचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यांना एकदम दगडूचा कांदा चिरतानाचा चेहरा आठवला. सोळा वर्षांनी आपण पुन्हा तिथंच येऊन बसलोय, तेही भरल्या ताटावर, असं त्यांना वाटलं. त्यांनी वाटी पालथी घातली आणि उष्ट्या हातानं उठून उभे राहिले.

"ताई, बस आता. मला सांगू दे."

शार्दूल उठला, आत गेला आणि टॅब घेऊन आला. तो कव्हरमध्ये घातलेला होता, चार्जरची वायर नीट गुंडाळून रबर लावलेली होती. ही बांधाबांध आत्ताची नव्हती, सकाळचीच असणार. त्यानं तो ताटांपासून लांब, टीपॉयवर ठेवला.

"कोच वॉन्ट्स टू सी मी. राइट, अंकल?"

"हो, बेटा."

"मग चांगलंच आहे की," गुणवंत म्हणाले. "कोच स्वतः बोलावतोय." ते हसत बायकोकडे वळले, मग मुलाकडे, मग मुलीकडे. तिघंही त्यांच्याकडे बघेनात. गुणवंतांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी फोन बंद करून खिशात ठेवला, आणि उगाच आपलं ताट उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"कारण काय?" अनुराधानं विचारलं.

"बारा किलो कमी पडले," याकूबभाई म्हणाले. "बाकी काही नाही, ताई. फेक एकदम सारखी."

अनुराधानं पिठल्याच्या पातेल्याकडे पाहिलं. "सात वर्षं सांगतेय त्याला, अजून एक पोळी घे," ती म्हणाली. तिचा आवाज भरून आला आणि तिनं तो लपवला नाही.

"मला माफ करा. मी आल्या आल्या सांगायला हवं होतं. माझा नियम आहे, चहाच्या आधी..."

"माहीत आहे मला तुमचा नियम. तुमच्या कॅम्पातल्या किटल्यासुद्धा माहीत आहेत. शार्दूलनं सगळं सांगितलंय. तुम्ही चहा नको म्हणालात तेव्हाच मला कळलं."

याकूबभाईंनी ताटांकडे बोट दाखवलं. "मग हे सगळं?"

"चारची लिस्ट होती ना. जोवर तुम्ही जेवत होतात, तोवर तो टीममध्ये होता."

एकतीस वर्षांत याकूबभाईंनी किती दारं ठोठावली, किती लोकांना काय काय सांगितलं, पण ऐकणाऱ्या कुणी त्यांच्याकडून असा वेळ काढून घेतला नव्हता. त्यांना वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

ते हात धुऊन निघाले तेव्हा अनुराधा एक स्टीलचा डबा घेऊन दाराशी आली. "हा टायलरला द्या. पिठलं-भात आहे. दोन शुक्रवार आला होता, चाटून पुसून खाल्लं त्यानं."

"त्याला कशाला?" गुणवंत स्वयंपाकघरातून म्हणाले. "त्याच्यामुळेच तर..."

"त्याच्यामुळे नाही, कोचमुळे. आणि तो तिथं आज एकटाच असेल. उपाशी काय म्हणून राहील?" मग ती याकूबभाईंना म्हणाली, "डबा परत आणा हं. रिकामा नको."

तीन छप्पन्नला याकूबभाईंनी गाडीतून फोन करून टॅब मिळाल्याचं कळवलं आणि लिस्ट गेली. कॅम्पवर पोचले तेव्हा टायलर पलंगावर बसला होता. त्यांना पाहून त्यानं मुकाट्यानं किटली चालू केली आणि कप पुढं केला. याकूबभाईंनी तो घेतला. टायलरनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले, मोठा श्वास सोडला, आणि मग त्याला समोरचा रिकामा पलंग दिसला.

"अनु आंटीचा?" डब्याकडे बघून त्यानं इंग्रजीत विचारलं.

याकूबभाईंनी मान हलवली. सहा फूट चार इंचांचा तो पोरगा डबा मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिला. मग त्यानं सगळं खाल्लं.

डबा घासून पुसून याकूबभाईंच्या कपाटात आला आणि तिथंच राहिला. रिकामा द्यायचा नाही हे तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं, पण भरायचं काय? हमीदा म्हणाली खजूर द्या. याकूबभाईंनी खजूर आणले आणि स्वतःच खाऊन टाकले. त्या घरात खजूर घेऊन जायचं आणि बोलायचं काय? दोनदा कुसैसवरून गेले, दोनदा सिग्नल सुटल्यावर सरळ पुढं गेले.

खबर मात्र टायलरकडून कळत असे. शार्दूलला जुन्या कंपनीनं परत घेतलं होतं. रोज पहाटे पाचला तो बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दीडशे चेंडू फेकत होता. शनिवार-रविवारी पंधरा यार्डांवर झेलायला गुणवंत केतकर उभे राहत, पोटावर उशी बांधून. त्यांची दोन बोटं आतापर्यंत सुजली होती आणि कारखान्यात त्यांनी 'स्पोर्ट्स इंज्युरी' असं सांगितलं होतं. शार्दूलचं वजन पाच किलोंनी वाढलं होतं. अनुराधा रोज एक पोळी जास्त वाढत होती, बाजूला उभं राहून.

लीगचा तिसरा सामना ऑक्टोबरच्या अखेरीस रास अल खैमाला झाला. शेवटच्या काही मिनिटांत चेंडू मागं फेकून टायलर सरळ होत होता, तोच समोरचा दीडशे किलोंचा माणूस त्याच्या घोट्यावर पडला. सामना ओरिक्सनं जिंकला, पण टायलर पट्ट्या बांधून कॅम्पवर आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोचनं याकूबभाईंना बोलावलं आणि एकाऐवजी दोन निरोप दिले.

पहिल्या निरोपासाठी ते टायलरच्या खोलीत गेले. त्यानं बसल्या बसल्याच किटलीकडे हात नेला. "नको, बेटा," याकूबभाई म्हणाले. टायलरचा हात तिथंच थांबला.

"किती?"

"सहा आठवडे. मग बघू म्हणतात. इन्शाल्ला."

टायलर घोट्याकडे बघत राहिला. त्याला फार लागलं होतं, पायाला लागलं त्याहून जास्त. मग त्यानं विचारलं, "तोपर्यंत माझ्या जागी कोण?"

याकूबभाईंची नजर समोरच्या रिकाम्या पलंगाकडे गेली. टायलरला तेवढ्यावरून कळलं.

"बॉक्स तुमच्याकडे आहे अजून?" तो म्हणाला. "रिकामा नेऊ नका. आंटीनं मला पण सांगितलंय." त्यानं पलंगाखालून एक पुडकं ओढलं. त्याच्या आईनं ओहायोहून पाठवलेल्या, चॉकलेटात बुडवलेल्या दाण्याच्या लाडवांसारख्या गोळ्या होत्या त्यात. त्यानं सगळ्याच्या सगळ्या डब्यात ओतल्या, झाकण लावलं आणि डबा याकूबभाईंच्या हातात दिला. "यल्ला, अंकल. जा."

रविवार होता. कुसैसला त्यांनी बेल दाबली तेव्हा साडेचार वाजले होते. दार अनुराधानं उघडलं. त्यांना पाहून तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, जणू या माणसानं या घरातून काढून न्यायचं अजून काही शिल्लक असावं. मागं गुणवंत उशी सोडत उभे होते. बाजूला शार्दूल, घामानं निथळलेला, नुकताच पार्किंगमधून वर आलेला.

याकूबभाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की अशा वेळी काय म्हणायचं असतं ते आपल्याला ठाऊकच नाही. हमीदा बरोबर म्हणाली होती. वाईट बातमीचं वाक्य पाठ होतं, पण ते इथं चालण्यासारखं नव्हतं. चांगलीचं एकही तयार नव्हतं. त्यांनी चपला काढल्या, डबा अनुराधाच्या हातात दिला आणि कुणी बसा म्हणायच्या आत सोफ्यावर चांगले मागं रेलून बसले.

"ताई," ते म्हणाले, "आधी चहा टाका."

अनुराधा डबा छातीशी धरून तशीच उभी राहिली. शार्दूलनं भिंतीला हात टेकला. शुभ्रा आतल्या खोलीतून धावत आली आणि दारातच थबकली.

"चहा होईलच हो," गुणवंत म्हणाले, "पण कोचचं काय म्हणणं आहे? काही निरोप आहे का? याकूबभाई, जे असेल ते स्पष्ट सांगा, आम्ही तयारी ठेवलीय."

अनुराधा केव्हाच स्वयंपाकघरात गेली होती. तिथून लायटरचा आवाज आला, एकदा, दोनदा, तीनदा. गॅस पेटेना.

"अहो," ती आतूनच म्हणाली, "ते चहा घेतायत."